साडूभाऊ आणि उम्मीची शेगडी

आगीला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील आणि आगीशी खेळणारीही काही कमी नसतील. पण जन्मभर आगीच्या जिवावर पगार घेऊन त्याच आगीवर कवडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको आपण निवडतो, निदान आपला तसा समज असतो. साडू मात्र आहेरातल्या लिंबू सरबताच्या सेटसारखा न मागता घरात येतो आणि मग कायमचा राहतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कुडाळजवळच्या एका वाडीचे. ओमानमध्ये सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका धातूच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं. भट्टीच्या पोटात उष्णता सोसणाऱ्या विटांचं अस्तर असतं, ते लावायचं, तपासायचं आणि झिजलं की बदलायचं, हे त्यांचं काम. दिवसभर वितळलेल्या धातूच्या शेजारी उभा राहणारा हा गृहस्थ संध्याकाळी घरी आला की पहिल्यांदा चपला काढायचा आणि दुसऱ्यांदा गॅसचं बटण बघायला स्वयंपाकघरात जायचा. बायकोकडे बघायचा नंबर तिसरा.

माझ्या मेव्हणीने तर या माणसाबरोबर संसार कसा केला हे तिचं तिलाच ठाऊक. दोन भाकऱ्यांच्या मध्ये पीठ मळायला तिला जरा वेळ लागला की साडूभाऊ मागून येऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जात. "अहो, तवा निवला ना माझा!" ती ओरडे. "निवलेला तवा परत तापवता येतो," साडूभाऊ शांतपणे म्हणत, "जळलेलं घर परत बांधावं लागतं." त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला केकवर एकच मेणबत्ती लावायची असा दंडक होता, मग मुलगी कितीही वर्षांची होवो. ती फुंकून विझवली की वात ओल्या बोटांच्या चिमटीत दाबून मगच ते टाळ्या वाजवत. मेव्हणी म्हणायची, "आमच्या घरात टाळ्यासुद्धा तपासणी झाल्यावरच मिळतात."

हॉटेलात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर दिव्यच होतं. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं निझवाचा किल्ला बघायला गेलो होतो. दुपारी बाजाराजवळच्या एका हॉटेलात बिर्याणी सांगितली आणि साडूभाऊ उठून नाहीसे झाले. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही म्हणून मी शोधायला गेलो, तर हे मागच्या दाराशी हॉटेलच्या मलबारी मॅनेजरला समोर घेऊन उभे. त्या दाराला टेकवून तांदळाची पोती रचलेली होती. "आग लगा तो कस्टमर किधर से जाएगा? चावल के ऊपर से?" असा साडूभाऊंचा सवाल होता. मॅनेजर बिचारा "इन्शाल्ला आग नहीं लगेगा, साब" एवढंच म्हणत होता. शेवटी दोन वेटर आणि स्वतः साडूभाऊ यांनी पोती हलवली, दार उघडून-लावून पाहिलं, आणि मगच आमची बिर्याणी टेबलावर आली. ती अर्थातच गार झाली होती.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक-दोन उदबत्त्या असत. नवख्या माणसाला वाटावं, केवढा देवभोळा गृहस्थ! पण त्या देवासाठी नव्हत्या. कुठल्याही नव्या जागेत गेले की साडूभाऊ उदबत्ती पेटवून ती दाराच्या फटीशी, खिडकीशी, स्वयंपाकघरातल्या पंख्याशी धरत आणि धूर कुठे जातो ते बघत. हवा कुठून येते आणि कुठून जाते हे कळल्याशिवाय त्यांना त्या जागेत झोप येत नसे. मी सोहारला नवं घर घेतलं तेव्हा उदबत्ती घेऊन ते प्रत्येक खोलीतून फिरले आणि वरच्या मजल्यावरच्या वसईच्या बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुमचे भाऊजी किती भक्तीने वास्तू करतात हो! आमचे फादरसुद्धा एवढ्या कोपऱ्यांत जात नाहीत." बायकोने तो गैरसमज तसाच राहू दिला. गणपतीत तर साडूभाऊ आरासीच्या शेजारी वाळूने भरलेली बादली ठेवत. बरीच माणसं दर्शनाला येत आणि विसर्जनाच्या दिवसापर्यंत त्या बादलीलाही हळद-कुंकू, दूर्वा आणि एखादा पेढा मिळालेला असे.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची कवायत. त्यांच्या घरी राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच सकाळी 'आग लागली तर' काय करायचं हे करून दाखवावं लागे. चहा मिळायचा तो त्यानंतर. घंटा वाजली की सामान उचलायचं नाही, आरशात बघायचं नाही, सरळ बाहेर पडून समोरच्या कडुनिंबाखाली उभं राहायचं आणि माणसं मोजायची. माझे सासरे पहिल्यांदा ओमानला आले तेव्हा जावयाने त्यांना लुंगीवर कडुनिंबाखाली उभं केलं होतं. सासरे स्वभावाने कडक, पण त्या दिवशी इतके गोंधळले की मोजताना स्वतःला धरायचं विसरले आणि जावयाने त्यांना पुन्हा आत पाठवून नव्याने बाहेर आणलं. सासऱ्यांनी पुढे गावभर सांगितलं की थोरला जावई चांगला आहे, फक्त त्याच्याकडे सकाळी जाऊ नये.

आता हे सगळं हसण्यावारी नेणारा मीच एक दिवस साडूभाऊंना घेऊन ओमानच्या डोंगरावर आग पेटवायला गेलो, ती गोष्ट सांगतो. दोन हजार दहानंतरच्या कुठल्याशा हिवाळ्यातली. मी सोहारमध्ये ज्यांच्या बांधकामसाहित्याच्या धंद्याचं ऑफिस सांभाळायचो ते माझे ओमानी मालक, म्हणजे आमच्या भाषेत अर्बाब, मूळचे जबल अख्दरचे. ओमान म्हटलं की सगळ्यांना भाजून काढणारं ऊन आठवतं, पण निझवाच्या मागच्या त्या डोंगरावर जानेवारीत बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. तिथे अर्बाबची म्हातारी आई राहायची. मुलगा खाली सोहारला एवढ्या मोठ्या घरात बोलावतोय, पण ती डाळिंबाची झाडं सोडून यायला तयार नव्हती. अर्बाबने तिच्यासाठी डोंगरावर नवं घर बांधलं आणि हौसेने बैठकीच्या खोलीत एक फायरप्लेसही बांधून घेतली. पण ज्या कंत्राटदाराने ती बांधली त्याने आयुष्यात फायरप्लेस फक्त चित्रात पाहिली असावी. पेटवली की ऊब छपरातून वर जायची आणि धूर उम्मीच्या डोळ्यांत. उम्मी म्हणजे आई. अर्बाब तिला हाक मारायचे, तीच आम्हीही मारू लागलो. मग अर्बाब कुठेतरी थंड देशात फिरायला गेले आणि तिथून त्यांनी फायरप्लेसच्या पोकळीत बसवायचा एक जाड लोखंडी स्टोव्ह आणला. काचेचं दार, लाकूड आत, धूर पाइपातून बाहेर, ऊब खोलीत. तो पेटारा बंदरातून सोडवून आणला आणि अर्बाब मला म्हणाले, "वो तुम्हारा रिश्तेदार है ना, भट्टीवाला मुहंदिस? उसको बुलाओ. जुम्मे को सब फॅमिली आएगा. जुम्मे से पहले खलास."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. साडूभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "सध्या म्हातारी ऊब कशाची घेते?" मी अर्बाबना विचारून सांगितलं की कोळशाची शेगडी आहे, ती खोलीत ठेवते. साडूभाऊ जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्याच संध्याकाळी रजा मागायला गेले. इतक्या वर्षांत त्यांना दुसऱ्याच्या कामासाठी रजा मागताना मी पाहिलं नव्हतं.

डोंगरावर जायच्या रस्त्याला पोलीस चौकी आहे. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तरच वर सोडतात. साडूभाऊ त्या पोलिसावर बेहद्द खूश झाले. "बघा, नियम म्हणजे असा," म्हणून त्यांनी खाली उतरून त्याच्याशी हस्तांदोलन केलं. तो भांबावला आणि आमचे कागद पुन्हा तपासू लागला. वर पोचेपर्यंत गार वारा गाडीच्या काचांतून आत शिरत होता. आधीच वर आलेल्या अर्बाबच्या शेजारी उम्मी दारात उभी होती, ठेंगणी, काटक, अंगावर रंगीत फुलांची शाल आणि कपाळाला आठी. मागे अंगणात तिची ती शेगडी होती, लोखंडाची, तीन पायांची, वर्षानुवर्षं वापरून काळी कुळकुळीत झालेली. साडूभाऊंनी अर्बाबना दुभाषी केलं आणि उम्मीला समजावलं की बंद खोलीत कोळसा जाळला की एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातं, म्हणून शेगडी अंगणातच राहू दे. उम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. साडूभाऊ काही वेळ तिच्या मानेकडेच बघत राहिले.

मग काम सुरू झालं, म्हणजे अर्बाबच्या मते सुरूच होईना. त्यांची कल्पना अशी की स्टोव्ह उचलायचा, पोकळीत ढकलायचा, काडी लावायची आणि कॉफी प्यायची. साडूभाऊंनी पहिला दिवस स्टोव्हला हातच लावला नाही. ते छपरावर चढले आणि आरसा नि टॉर्च घेऊन चिमणीत डोकं घालून बसले. खालून अर्बाब ओरडले, "यल्ला मुहंदिस! ऊपर क्या है?" वरून आवाज आला, "पक्षी का घर है." चिमणीतून एक भलंमोठं घरटं निघालं, काड्या, पिसं आणि कुणाच्या तरी अबायाची, म्हणजे बायकांच्या काळ्या झग्याची, किनार. अर्बाब म्हणाले, चला, आता बसवा. साडूभाऊ म्हणाले, थांबा. फायरप्लेसच्या पाठीला ते हाताने ठोकत गेले आणि एका जागी थांबून त्यांनी कान लावला. भिंतीला कान लावायची ही त्यांची जुनी सवय. भट्टीची वीट आतून सुटली असेल तर तिचा आवाज वेगळा येतो असं ते म्हणायचे. त्यांनी तिथला गिलावा फोडला आणि आतून एक लाकडाची फळी निघाली. बांधताना साच्याला लावलेली फळी कंत्राटदाराने काढलीच नव्हती, वरून गिलावा मारून मोकळा झाला होता. फळीची एक कड कोळशासारखी काळी पडली होती. आतापर्यंत उम्मीने पेटवलेल्या लहानशा जाळांनी ती आतल्या आत भाजत आली होती, आणि भिंतीपलीकडे उम्मीची झोपायची खोली होती. अर्बाबनी फळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि "जुम्मे तक" हे शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आले नाहीत.

फळीच्या जागी विटा बसल्या. फायरप्लेसवर एक कोरीव लाकडी शेल्फ होता, त्यावर अर्बाबचे चांदीचे खंजीर मांडलेले. तो साडूभाऊंनी काढायला लावला, कारण स्टोव्हच्या एवढं जवळ लाकूड नको. पुढचा गालिचा मागे सरकवून तिथे दगडी फरशी घातली, उडालेली ठिणगी पडली तर दगडावर पडावी म्हणून. स्टोव्हपासून चिमणीच्या टोकापर्यंत त्यांनी स्टीलचा एकसंध पाइप घातला, त्याच्याभोवती न जळणारी लोकर गुंडाळली, वर टोपी बसवली आणि स्टोव्हभोवतीच्या फटी पत्र्याने बंद केल्या. हे करताना अर्बाब दर थोड्या वेळाने यायचे आणि विचारायचे, "ये जरूरी है?" साडूभाऊ म्हणायचे, "नहीं. ये नहीं करेगा तो भी चलेगा. जब तक चलेगा, तब तक चलेगा." अर्बाब मान खाली घालून परत जायचे. शेवटी साडूभाऊंनी खिशातली उदबत्ती काढली आणि स्टोव्हच्या उघड्या दाराशी धरली. धुराची रेघ जराही न डगमगता आत वळली आणि वर गेली. उम्मी इतका वेळ कोपऱ्यात बसून हा सगळा प्रकार नापसंतीने बघत होती. उदबत्तीचा वास येताच तिने आपला लोबानाचा डबा पुढे सरकवला. तुमच्याकडे हे असलं जाळतात? आमचं चांगलं घ्या, असा तिचा भाव होता.

त्या दिवशी साडूभाऊंनी फक्त चार काटक्या जाळल्या. नव्या लोखंडाचा रंग आधी हलक्या जाळावर पक्का व्हायला हवा, म्हणाले. खिडक्या उघड्या ठेवून, नाकाला रुमाल लावून आम्ही तो चिमुकला जाळ बघत बसलो. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, मग आणखी थोडा. लाकूड फक्त सुकलेलं. ओलं लाकूड चिमणीत डांबर साठवतं. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि डबा घराबाहेर. हे त्यांनी अर्बाबकडून घोकून घेतलं. सर्वांत शेवटी साडूभाऊंनी पिशवीतून दोन पांढरे अलार्म काढले, तो बिनवासाचा वायू ओळखून बोंब मारणारे. ते त्यांनी स्वतःच्या सोहारच्या घरातून उचकटून आणले होते, आणि आमच्या मेव्हणीला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. एक त्यांनी बैठकीत लावला. दुसरा घेऊन ते उम्मीच्या झोपायच्या खोलीत गेले. अर्बाबना हसू आवरेना. "मुहंदिस, आग इधर है! उधर तो कुछ नहीं, बस उम्मी है!" साडूभाऊ भिंतीला भोक पाडता पाडता म्हणाले, "आग के पास आदमी जागता है. जहाँ सोता है, वहाँ लगाने का."

शुक्रवार उजाडला. अर्बाबचे भाऊ, बहिणी, त्यांची पोरंबाळं, सगळे गाड्या भरभरून आले. आणि या घरच्या कार्यात, पाहुणा म्हणून आलेल्या माझ्या साडूने, सकाळी सगळ्यांना अंगणात बोलावून कवायत करायला लावली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कडुनिंब नव्हता, म्हणून अंगणाच्या टोकाचं डाळिंबाचं मोठं झाड ठरलं. घंटा वाजली की तिथे यायचं आणि माणसं मोजायची. पोरांना ती गंमत वाटली, अबाया सावरत बायकाही हसत हसत आल्या, आणि अर्बाबचे एक जाडजूड काका वाटेतच खजुराच्या ताटाशी थांबले म्हणून त्यांना साडूभाऊंनी पुन्हा यायला लावलं. अर्बाबने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरी नोकरी शोधायला लागावं.

दुपारी भलंमोठं जेवण झालं. स्टोव्ह छान तापला होता. काचेआड जाळ संथ हलत होता, खोली उबदार झाली होती आणि भातावर आडवा हात मारलेले सगळे पाहुणे गाद्यांवर पेंगायला लागले होते. मी पण. उम्मी जरा पडते म्हणून तिच्या खोलीत गेली होती. आणि मग अलार्म वाजला. तो आवाज इतका कर्कश होता की काका उठून बसले आणि त्यांच्या भावाने स्टोव्हकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हटलं; त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा साडूभाऊंकडे वळल्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. रक्त उतरणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पण ते क्षणभरच. बैठकीतला अलार्म गप्प होता. वाजत होता तो आतला.

"भायर! सगळे भायर!" साडूभाऊ ओरडले. हिंदी नाही, अरबी नाही, सरळ कुडाळची मालवणी. आणि ती त्या खोलीतल्या झाडून सगळ्यांना समजली. लहान-मोठ्या कुणीही चपला शोधल्या नाहीत, कुणी सामान उचललं नाही. काकासुद्धा खजुराकडे न बघता धावले. साडूभाऊंनी उम्मीचं दार ढकललं, छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले. मागोमाग अर्बाब. खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि मग दोघे उम्मीला रजईत गुंडाळून, धरून बाहेर घेऊन आले. खोलीत तिच्या पलंगाशेजारी ती शेगडी फुललेली होती, काळी, तीन पायांची, फटीतून थंडी येऊ नये म्हणून दाराशी गुंडाळलेली घोंगडी लावलेली. काचेआडच्या जाळावर तिचा विश्वास बसला नव्हता. त्यावर हात शेकता येत नाहीत, मग ती कसली आग? सगळ्यांची पाठ वळली तशी ती अंगणातून शेगडी भरून घेऊन आली होती. साडूभाऊ पुन्हा आत गेले, शेगडी बाहेर काढली आणि तिच्यावर वाळू ओतली.

उम्मीची मान खांद्यावर कलली होती आणि डोळे अर्धे मिटलेले. अर्बाब तिच्यापाशी मातीत बसले, हात धरून. साडूभाऊ तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. "आये," ते म्हणाले, "आये, ऊठ. हय बघ." आणि मागे डाळिंबाच्या झाडाखाली अर्बाबची धाकटी बहीण रडत रडत माणसं मोजत होती, सकाळी शिकवलं तशी. थंड वारा उम्मीच्या तोंडावर लागत होता. तिने डोळे उघडले. सगळ्यांकडे बघून घेतलं आणि अरबीत काहीतरी पुटपुटली. अर्बाब एकदम हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पूछती है," ते आम्हाला म्हणाले, "मेरी शेगडी किसने बुझाया." त्यानंतर तिथे जे काही झालं त्याला मी नाव देऊ शकत नाही, सगळे एकाच वेळी बोलत होते, रडत होते, हसत होते, आणि काका साडूभाऊंच्या कपाळाचे मुके घेत होते. डोंगरावरच्या दवाखान्यात उम्मीला ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत तिचं डोकं दुखायचं थांबलं आणि डॉक्टरने तिला घरी जायला सांगितलं. इतकं हलकं मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. मी साडूभाऊंना विचारलं, अलार्म तिच्या खोलीत लावायचं तुम्हाला कसं सुचलं? "तिच्या मानेवरनं," ते म्हणाले. "आमची आई अशीच मान हलवायची. तोंडाने नाही म्हणायचं नाही, आणि करायचं स्वतःच्या मनातलं."

परतताना डोंगर उतरत असताना, गाडी खालच्या गिअरमध्ये घालून, समोरच्या रस्त्यावरून नजर न हलवता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. पावसाळी दिवस, दारं-खिडक्या लावलेल्या, आणि बाळंतिणीच्या खाटेखाली रीतीप्रमाणे शेगडी. सकाळी आईने दार उघडलं तेव्हा बहिणीला कसंबसं शुद्धीवर आणता आलं. बाळ राहिलं नाही. कुणाची तरी दृष्ट लागली, असं घरात ठरलं. साडूभाऊ तेव्हा लहान होते, आणि मोठेपणी कारखान्याच्या प्रशिक्षणात कुणीतरी त्या वायूविषयी शिकवलं तेव्हा त्यांना वर्गातून उठून बाहेर जावं लागलं. "बाय म्हातारी झाली आता," ते त्या बहिणीबद्दल म्हणाले, "पण मी तिला हे सांगितलं नाही. तिने दृष्टच धरून ठेवलीय, ते बरं आहे." मग पुढचं वळण घेऊन म्हणाले, "तुमच्या गाडीतलं ते आग विझवायचं लाल सिलिंडर जुनं झालंय, बदलून घ्या." मी बदलून घेतलं. दुसऱ्याच दिवशी.

पुढे कारखान्यात त्यांची जागा एका ओमानी मुलाकडे गेली. त्याला त्यांनीच भिंतीला कान लावायला शिकवलं होतं. साडूभाऊ कुडाळला परतले. उम्मीने निरोप देताना त्यांना काय द्यावं? तीच शेगडी. त्यांनी ती विमानात घालून आणली आणि ओसरीवर तिच्यात माती घालून ओवा लावला. माझ्या मेव्हणीने पानांची भजी तळली की अजूनही मधेच गॅस बंद होतो. उदबत्त्या आता देवासमोरही लागतात, पण आधी खिडकीशी धरून मग.

जानेवारी आला की मात्र ते अस्वस्थ होतात. उगाच फोन चार्जिंगला लावतात, काढतात, पुन्हा लावतात. डोंगरावर पहिली कडाक्याची थंडी पडली की उम्मीचा फोन येतो. अर्बाब नंबर लावून देतात आणि म्हातारी बोलायच्या आधी फोन स्टोव्हजवळ नेऊन धरते. दरवर्षी. गेल्या वर्षी आम्ही कुडाळला गेलो होतो आणि फोन आला नव्हता. दिवस जात होते. उम्मीचं वय आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. एका दुपारी, कुडाळच्या त्या दमट उन्हात, आम्ही ओसरीवर घामाघूम बसलेलो असताना फोन वाजला. साडूभाऊंनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. त्यांच्या कानापर्यंत काय येत होतं ते शेजारी बसून मलाही थोडंफार ऐकू आलं: समुद्रापलीकडच्या एका खोलीत लाकूड तडतडत होतं आणि पाइपातून हवा वर जात होती. ते ऐकत राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "घंटी! घंटी का बटन दबाओ." पलीकडून त्या अलार्मचा बारीक, कर्कश ट्यँऽऽ असा आवाज आला, आणि लगेच उम्मीचा, भांडल्यासारखा, ठणठणीत. काय म्हणाली ते साडूभाऊंना कळलं नसणार, मलाही कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला, पंच्याने तोंड पुसलं, आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

"काय झालं?" आतून मेव्हणीने विचारलं.

"ठीक आसा," साडूभाऊ म्हणाले, आणि गॅस बघायला आत गेले.